कुलगुरूंच्या बंगल्याकडे जाणारी वाट

भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, ही त्यांची विनंती. वय ४७. राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठाच्या विभागात त्या वीस वर्षं शिकवत आहेत आणि चार वर्षांपूर्वी ‘कॅस’ म्हणजे शिक्षकांच्या बढतीच्या योजनेखाली प्राध्यापक झाल्या. हाताखाली पीएचडीचे चार विद्यार्थी, घरी ७८ वर्षांची आई आणि बारावीतला मुलगा. गेल्या महिन्यात कुलगुरूंनी बोलावून घेतलं आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार घ्याल का, असं विचारलं. त्यांच्या जुन्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, ‘घेऊन टाक. प्रशासनाचा अनुभव नसेल तर उद्या कुलगुरूपदाच्या अर्जात काय लिहिशील?’ शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचं म्हणणं, ‘परीक्षा विभाग बाईमाणसाला झेपायचा नाही. आणि कुलगुरू व्हायला ओळखी लागतात, अनुभव नाही.’ त्या लिहितात, ‘कुलगुरू व्हावं असं मला दोन-तीन वर्षं मनापासून वाटतंय, पण कुणाला सांगायची लाज वाटते. प्रयोगशाळा बाजूला ठेवून ही पायरी चढावी का? की आधीच उशीर झालाय?’

नमस्कार.

आधी त्या लाजेबद्दल. मुलानं कलेक्टर व्हायचं म्हटलं की आपण त्याचं कौतुक करतो, पण प्राध्यापकानं कुलगुरू व्हायचं म्हटलं की स्टाफरूममधला चहा थंड होतो. हे पद मागायचं नसतं, ते चालून यायचं असतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. चालून यायचे दिवस केव्हाच गेले. आता पेपरात जाहिरात येते, नमुना अर्ज असतो, त्याला प्रमाणपत्रांच्या प्रती जोडाव्या लागतात. जाहिरात निघालेल्या पदाची इच्छा धरली म्हणून कुणाचं काही चोरलं जात नाही. मीसुद्धा एकदा अर्ज केला होता. ती हकिकत पुढे सांगते.

मला खटकला तो तुमचा ‘पायरी’ हा शब्द. पत्रासोबत तुम्ही एक उतरंडही काढून पाठवली आहे: सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता (विद्याशाखेचा प्रमुख), प्र-कुलगुरू, कुलगुरू. पहिल्या तीन मडक्यांपर्यंत ती खरी आहे. तिथवर तुम्ही चढलात, आणि त्यातलं कुठलंच आता कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याच्या वरची सगळी पदं मुदतीची आहेत. विभागप्रमुखपद पाळीपाळीनं फिरतं. अधिष्ठात्यांची मुदत ठरलेली असते आणि प्र-कुलगुरूंची तर कुलगुरूंबरोबरच संपते. कुलगुरूपद म्हणजे पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी येईल ते, आणि त्याच विद्यापीठात दुसरी मुदत नाही. ही बढती नव्हे. कुणीतरी पाच वर्षांसाठी दिलेलं काम आहे, आणि सहाव्या वर्षी सकाळी तुमच्या दारात लाल दिवा तर सोडाच, शिपाईही नसतो.

पगाराचंच बघा ना. सातव्या वेतन आयोगात प्राध्यापकाचं मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून सुरू होऊन २,१८,२०० पर्यंत जातं. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, कुलगुरूंसाठी ठरवलेलं वेतन सरसकट २,१०,०००. म्हणजे निवृत्तीला टेकलेल्या एखाद्या जुन्या प्राध्यापकाचं मूळ वेतन कुलगुरूंपेक्षा जास्त असू शकतं. बंगला मिळतो, गाडी मिळते, पण त्या बंगल्याच्या फाटकावर विद्यार्थी संघटनेचं कुलूपही पडू शकतं.

हे घाबरवायला सांगत नाही. ‘पुढची पायरी’ म्हणून त्या पदाकडे पाहिलं की माणूस आज जे करतोय त्याला वाटेतला थांबा समजायला लागतो. तुमच्या पत्रात तसं झालंय. चार विद्यार्थी आणि प्रयोगशाळा यांचा उल्लेख अडचणींच्या रांगेत आलाय, आईच्या औषधांच्या अलीकडे.

आता वाटेबद्दल. आपल्याकडे ती कधीच एक नव्हती, आणि मला तरी ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. त्यांच्या पाठोपाठ आलेले रा. गो. भांडारकर संस्कृतचे पंडित. पुणे विद्यापीठ १९४८ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे, ज्यांनी उमेदीची वर्षं फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळण्यात घालवली होती. जयकर त्या खुर्चीत बसले तेव्हा पंचाहत्तरीला आलेले, परांजपे ऐंशीचे. आजच्या छाननीत दोघांचेही अर्ज वयावरच बाद झाले असते, आणि तेलंगांना कुणीतरी ‘प्राध्यापकपदाचा दहा वर्षांचा अनुभव जोडलेला नाही’ असं पत्र पाठवलं असतं!

मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सु. रा. डोंगरकेरी हे त्याआधी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव. म्हणजे फायलींच्या बाजूनं आलेला माणूस. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्था हयातभर उभी केली, १९६६ मध्ये पुण्याचे कुलगुरू झाले आणि वर्षभरातच नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद घेऊन दिल्लीला गेले. वसंत गोवारीकर अग्निबाणांच्या इंधनावर काम करून आले. अरुण निगवेकर पुण्याचेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ उभी राहिली ती त्यांच्या हाताखाली, मग ते कुलगुरू झाले आणि पुढे यूजीसीचे अध्यक्ष. २०१८ मध्ये मुंबई विद्यापीठाला कुलगुरू मिळाले ते रुईया महाविद्यालयाचे प्राचार्य. यातल्या कुणाचीही वाट दुसऱ्याच्या वाटेवर नीट बसत नाही.

‘बाईमाणसाला झेपणार नाही’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यासाठीही नावं आहेत. हंसाबेन मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुंबईत १९८६ मध्ये मेहरू बेंगाली आल्या. १९९५ मध्ये स्नेहलता देशमुख आल्या, मूळच्या बालशल्यचिकित्सक. विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांवर आईचं नाव आलं ते त्यांच्या काळात. तो कागद परीक्षा विभागातूनच बाहेर पडतो, हे त्या सहकाऱ्याला जाता जाता सांगायला हरकत नाही.

मात्र वाटा अनेक असल्या तरी आता फाटक एकच आहे, आणि तिथला पहारेकरी कडक झालाय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षं हवीत, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत दहा वर्षं आणि सोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. निवड करायची ती शोध समितीनं सुचवलेल्या नावांतून. समितीवर यूजीसीचा प्रतिनिधी हवा, आणि सदस्यांचा त्या विद्यापीठाशी कसलाही संबंध नको. हे नियम कागदावरच राहतील असं ज्यांना वाटलं त्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ओळीनं शिकवलं. मार्चमध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठातली नेमणूक रद्द झाली. ऑक्टोबरमध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठातली झाली, कारण तिथल्या समितीनं यादीऐवजी एकच नाव पाठवलं होतं. नोव्हेंबरमध्ये अल्मोड्याच्या सोबन सिंह जीना विद्यापीठाची पाळी आली. तिथल्या कुलगुरूंची प्राध्यापकपदाची वर्षं भरत होती साडेआठ. उरलेली वर्षं त्यांनी लोकसेवा आयोगाच्या सदस्यत्वातून मोजली होती आणि न्यायालयानं ती मोजायला नकार दिला.

म्हणून तुमच्या ‘उशीर झालाय का’ या प्रश्नाचं उत्तर आकडेमोडीत आहे. तुम्ही ४३ व्या वर्षी प्राध्यापक झालात, दहा वर्षं भरतील ५३ व्या वर्षी. त्याआधी अर्ज करणं म्हणजे पोस्टाचा खर्च. राज्यात विद्यापीठीय शिक्षक ६० व्या वर्षी निवृत्त होतो आणि कुलगुरूपदाची कमाल मर्यादा ६५. म्हणजे पूर्ण पाच वर्षं मिळायची तर ६० च्या आत नेमणूक हवी. तुमच्यासाठी खिडकी आहे ती ५३ ते ६० ची, सात वर्षांची. या सात वर्षांत तुमच्या विद्यापीठाची जागा एकदा, फार तर दोनदा रिकामी होईल. गडचिरोलीच्या गोंडवानापासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापर्यंत बाकीच्या जागाही आहेत, पण मग घर हलतं.

उशीर झालेला नाही. उलट सहा वर्षं हातात आहेत. पण एक काम या आठवड्यातच करा. ‘कॅस’चा आदेश काढून त्यावरची तारीख पाहा. पात्र ठरल्याची तारीख वेगळी, मुलाखतीची वेगळी, आदेशाची वेगळी, आणि वेतननिश्चिती तर आणखी दोन वर्षांनी, असं आपल्याकडे सर्रास होतं. सेवापुस्तकात कोणती तारीख चढली आहे ते आत्ता तपासून घ्या. सहा वर्षांनी अर्ज करायच्या आदल्या रात्री ते कळलं, तर तो टेबलावरचा कारकूनही बदललेला असेल.

मधल्या काळात नियम बदलूही शकतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं आणलेल्या मसुद्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन आणि धोरण या क्षेत्रांतल्या ज्येष्ठांनाही कुलगुरूपदाचं दार उघडायचं सुचवलं होतं. त्यावरून राज्याराज्यांत मोठा गदारोळ झाला. अशा बातम्या वाचून दर वेळी आपला बेत बदलायचा नसतो. ज्या दिवशी जाहिरात निघेल त्या दिवशी तिच्यात जे लिहिलं असेल तेवढं खरं.

आता माझी हकिकत. एका विद्यापीठाच्या शोध समितीपुढे मी गेले होते. तयारी जोरदार केली होती. वीस स्लाइड, त्यात परदेशी विद्यापीठांशी करार, नवउद्योग केंद्र, हरित परिसर, सगळं. सात-आठ मिनिटं मी बोलले. मग समितीतल्या एका सदस्यांनी अगदी शांतपणे विचारलं, ‘मॅडम, या विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात किती प्रकरणं चालू आहेत?’ मला माहीत नव्हतं. ‘शिक्षकांच्या मंजूर पदांपैकी रिकामी किती?’ अंदाजे सांगितलं. ‘गेल्या हिवाळी परीक्षेचा शेवटचा निकाल कुठल्या महिन्यात लागला?’ मी स्लाइडकडे पाहिलं. स्लाइडवर झाडं होती.

समितीनं राजभवनाला पाठवलेल्या पाच नावांत माझं नाव नव्हतं. त्या दिवशी राग आला होता. नंतर वाटलं, मी त्या विद्यापीठावर प्रेम करायला गेले होते, त्याची ओळख करून न घेता.

म्हणून परीक्षा विभागाबद्दल माझं मत तुमच्या सरांच्या बाजूचं आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. अर्जात एक ओळ वाढेल म्हणून तिथे गेलात तर सहा महिन्यांत वैतागून परत याल. जायचं ते अशासाठी, की संलग्न महाविद्यालयांचं विद्यापीठ म्हणजे खरं तर परीक्षा भवनच. शिकवणं महाविद्यालयांत होतं, संशोधन विभागांत होतं, पण तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही मुलाला ‘विद्यापीठ’ दिसतं ते हॉल तिकिटावर आणि गुणपत्रिकेवर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावा, आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नका. हे वाचायला एक ओळ आहे. पाळायला मात्र प्रश्नपत्रिका काढणारे, उत्तरपत्रिका तपासणीच्या (कॅप) केंद्रावर न येणारे, बारकोड चिकटवणारे, गुण भरणारी एजन्सी, राखीव निकालांची यादी आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, हे सगळं एका दोरीत ओवावं लागतं. कुठल्या महाविद्यालयात शिक्षकच नाहीत हे नॅकच्या अहवालातून नाही कळत. तिथून तपासायला कुणीच येत नाही, तेव्हा कळतं.

आणि कुलगुरू घसरतात तेही बहुतेक इथेच. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. कल्पना वाईट नव्हती, आज ती कितीतरी ठिकाणी चालते. पण तयारी न करता उडी मारली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी खेटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. वैज्ञानिक म्हणून कोण किती मोठं, हा प्रश्न त्या वेळी कुणीही विचारला नाही.

तेव्हा जा, पण डोळे उघडे ठेवून जा. तुम्हाला देऊ केलंय ते पद नाही, ‘अतिरिक्त कार्यभार’ आहे. आपल्या विद्यापीठांत निम्मा गाडा प्रभारींवर चालतो, आणि प्रभारी म्हणजे शिव्या पूर्णवेळ, अधिकार अर्धवेळ. कुलगुरूंना स्पष्ट विचारा: एजन्सीच्या कराराबाबत माझं मत घेतलं जाईल का? उपकुलसचिवांच्या बदल्या मला विचारून होतील का? विभागातला माझा तासांचा भार किती कमी होईल? ही अट घालणं उद्धटपणाचं नाही. हेच प्रश्न पुरुष सहकारी विचारतात तेव्हा त्याला ‘व्यवहारी’ म्हणतात.

प्रयोगशाळेचं काय? पूर्ण सोडू नका, आणि पूर्ण धरूनही ठेवू नका. चारांपैकी ज्यांचं काम लिहिण्याच्या टप्प्यावर आहे त्यांना आधी मोकळं करा, नव्यानं नोंदणी दोन वर्षं घेऊ नका. आठवड्यात एक दिवस असा ठरवा की त्या दिवशी तुम्ही परीक्षा भवनात दिसणार नाही. तो दिवस शनिवार असू नये, कारण शनिवार फायलींना फार आवडतो. माझ्या ओळखीचे एक सर दोन वर्षांसाठी प्रशासनात गेले आणि नऊ वर्षांनी परत आले. तोवर विषय इतका पुढे गेला होता की आपल्याच विद्यार्थ्यांचे पेपर त्यांना परक्या भाषेतले वाटायला लागले. तुम्ही भूगर्भवाल्या. दगड थांबतो, पण त्यावरची यंत्रं दर तीन वर्षांनी बदलतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

पंचावन्नाव्या वर्षी कुलगुरू झालात तर साठाव्या वर्षी मुदत आणि नोकरी दोन्ही एकदम संपतील. त्रेपन्नाव्या वर्षी झालात तर अठ्ठावन्नाव्या वर्षी विभागात परत याल, दोन वर्षांसाठी. ज्यांच्या फायलींवर तुम्ही पाच वर्षं शेरे मारलेत त्यांच्यातलाच कुणीतरी तेव्हा विभागप्रमुख असेल आणि तुमच्या किरकोळ रजेवर सही करेल. त्या दोन वर्षांत तुम्हाला आधार देईल ती प्रयोगशाळाच.

ओळखींबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. कुलपती म्हणजे राज्यपाल आणि शेवटचं नाव तिथे ठरतं. समितीत सरकारचं माणूस असतं. पाच नावं तिथवर पोचल्यावर पाचवं का आणि दुसरं का नाही, याचं उत्तर दर वेळी गुणवत्तेत सापडतंच असं नाही. मी ३४ वर्षं या व्यवस्थेत काढली, मला हे नाकारता येणार नाही. पण तुमचा सहकारी जे सांगतो त्यात एक गल्लत आहे. ओळखीनं काय होतं ते शेवटच्या पाचांत. पन्नास-साठ अर्जांतून पाचांत यायचं असेल तर कागद बोलावे लागतात आणि समितीपुढच्या त्या बारा मिनिटांत तोंड उघडावं लागतं. पहिल्या भागावर तुमचा हात आहे, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्या भागासाठी सत्कार समारंभांना जाणं, पुरस्कार गोळा करणं, नेत्यांच्या वाढदिवशी शाल घेऊन उभं राहणं हा उद्योग करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातले काही कुलगुरू झालेही. आणि ज्यांना शाल घालून झाले, त्यांचा पहिला फोन रुजू झाल्याच्या संध्याकाळीच आला: अमुक महाविद्यालयाला संलग्नता द्या.

त्यापेक्षा पुढच्या सहा वर्षांत विद्यापीठ शिकून घ्या. कायदा स्वतः वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका. कलम १२(७) वर विशेष थांबा. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना एकट्यानं निर्णय घेण्याचा अधिकार त्यात आहे. तो कधी वापरला गेला आणि नंतर व्यवस्थापन परिषदेत त्यावर काय रणकंदन झालं याची इतिवृत्तं वाचली की कुलगुरूंचं खरं काम कळतं. अर्थसंकल्पाच्या अधिसभेला मागच्या बाकावर बसा. पदवीधर मतदारसंघातून आलेले सदस्य वसतिगृहाच्या पाण्यावर कुलगुरूंना कसे धारेवर धरतात ते पाहा. लेखापरीक्षणाचे आक्षेप चाळा. आणि महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या स्थानीय चौकशी समितीवर नाव आलं तर टाळू नका. तालुक्याच्या महाविद्यालयात तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या संस्थेतून आणलेली पुस्तकं कपाटात लागलेली असतात, शिक्का दुसऱ्याच ग्रंथालयाचा. ते पाहून तुम्ही अहवालात काय लिहिता आणि लिहिल्यावर कुणाकुणाचे फोन येतात, यात पाच वर्षांच्या कुलगुरूपदाची रंगीत तालीम होऊन जाते.

या सगळ्यातून गेल्यावर, कदाचित ५३ व्या वर्षी तुम्हाला वाटेल की नको बाई हे. तेही चालेल. तोवर तुम्ही परीक्षा विभागाचे निकाल वेळेवर लावले असतील, दोन-तीन महाविद्यालयांतली बनवाबनवी थांबवली असेल. ते कुणाच्या यादीत नाव येण्यावर अवलंबून नाही.

घराबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय, म्हणून मीही कमी लिहिते. मुलाची बारावी मार्चमध्ये संपेल आणि उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास सुरू होतात. कार्यभार जूननंतर घेता आला तर तसं मागून पाहा. आईसाठी दिवसभराची बाई ठेवायची असेल तर ती आधी शोधा, आदेश मागाहून येऊ द्या. परीक्षा विभागात फोन रात्री येतात.

असंच पत्र लिहिणारे आणखी दोघे होते, त्यांच्यासाठीही थोडं. एक जण महाविद्यालयात प्राध्यापक आहेत आणि विचारतात, आम्हाला दार बंद का? बंद नाही, पण नियमातले शब्द ‘विद्यापीठात प्राध्यापक’ असे आहेत. तुमच्या वर्षांची गणना कशी होईल ते प्रत्येक जाहिरातीसोबत लेखी विचारून घ्या. उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असं समजा. दुसऱ्या एका तरुण सहायक प्राध्यापकाला ३१ व्या वर्षीच कुलगुरूपदाचा आराखडा हवा आहे. त्याला माझा सल्ला इतकाच, की आधी वर्गात मुलं टिकवून दाखव, मग बोलू.

आणि तुमच्यासाठी एक शेवटची, अगदी कारकुनी सूचना. कार्यभाराचा आदेश हातात येईल तेव्हा त्यातली मुदतीची ओळ आधी वाचा. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर रुजू अहवालावर सही करू नका. कुलसचिवांकडे जाऊन तिथे तारीख घालून घ्या, दोन वर्षांनंतरची, दिवसासकट.